सोसण्याचा करंडक

उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग ही बर्फावरच्या हॉकीची जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. ही लीग दर वर्षी एका खेळाडूला बिल मास्टर्टन करंडक देते. गोल किती केले, सामने किती जिंकले, याच्याशी त्याचा संबंध नाही. चिकाटी, खिलाडूपणा आणि खेळावरची निष्ठा यांसाठी तो असतो, आणि हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतदान करून विजेता ठरवतात. २०१३ ते २०२४ या बारा वर्षांतले विजेते पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जॉश हार्डिंग, २०१३. डेव्हन डुबनिक, २०१५. क्रेग अँडरसन, २०१७. रॉबिन लेनर, २०१९. कॅरी प्राइस, २०२२. कॉनर इनग्रॅम, २०२४. बारांपैकी सहा जण गोलरक्षक. सामन्यासाठी संघ वीस खेळाडू सज्ज करतो, त्यांत गोलरक्षक दोनच, आणि प्रत्यक्ष बर्फावर त्यांतला एकच उभा असतो. दहांत एक असणाऱ्यांच्या वाट्याला सोसण्याचं निम्मं कौतुक आलं आहे.

ही यादी मी तक्रारअर्ज म्हणून वाचतो. गोलरक्षकाच्या कारकिर्दीत जे सोसणं येतं त्यातला काही भाग या खेळातून कधीच वजा होणार नाही, हे मान्य. पण बराचसा भाग नियमांमुळे, नोकऱ्यांच्या टंचाईमुळे आणि त्या टंचाईतून येणाऱ्या मुकेपणामुळे येतो. तो कमी करणं लीगच्या आणि क्लबांच्या हातात आहे. ते करायचं सोडून सोसणाऱ्याची पाठ थोपटायची, ही या खेळाची जुनी खोड आहे आणि ती मोडली पाहिजे.

करंडकाला ज्याचं नाव आहे त्याच्यापासूनच सुरुवात करू. बिल मास्टर्टन मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा आघाडीचा खेळाडू. १३ जानेवारी १९६८ च्या सामन्यात धडक बसून तो मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं, आणि दोन दिवसांनी वयाच्या २९ व्या वर्षी तो गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्या काळी ते घालणारे मोजकेच असत, आणि घालणाऱ्याला भित्रा समजत. त्याच वर्षी त्याच्या नावाचा करंडक सुरू झाला. हेल्मेटची सक्ती यायला मात्र १९७९ उजाडलं, तीही नव्याने करार करणाऱ्यांपुरती. जुन्यांना सूट मिळाली, आणि त्या सवलतीत क्रेग मॅकटॅविश १९९७ पर्यंत उघड्या डोक्याने खेळला. करंडक त्याच वर्षी, नियम अकरा वर्षांनी, आणि नियम सगळ्यांना खऱ्या अर्थाने लागू व्हायला एकोणतीस वर्षं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण गोलरक्षकांच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा दिसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जाळं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. जोरकस फटका बसला की ती ताशी १६० किलोमीटरचा वेग ओलांडते. एका सामन्यात असे पंचवीस-तीस फटके जाळ्याकडे येतात, त्यातले कित्येक समोर उभ्या खेळाडूंच्या गर्दीतून, शेवटच्या क्षणी दिसणारे. गोल झाला की जाळ्यामागे लाल दिवा पेटतो आणि हजारो लोकांना कळतं की चुकलं कोण. आपल्याकडे यष्टिरक्षकाने दिवसभर नीट धरलेल्या चेंडूंबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही आणि सुटलेला एक झेल वर्षभर उगाळला जातो, तसंच इथेही आहे. फक्त गोलरक्षकाची प्रत्येक चूक त्याच क्षणी गुणफलकावर चढते. आजच्या लीगमध्ये सरासरी गोलरक्षक शंभर फटक्यांतले नव्वदच्या आसपास अडवतो. ब्याण्णव अडवणाऱ्याला नाव मिळतं, अठ्ठ्याऐंशी अडवणाऱ्याची जागा जाते. शंभरांतल्या चार फटक्यांवर माणसाचं घरदार कुठल्या शहरात असेल ते ठरतं.

पूर्वी तर ही जागा याहून दुर्मीळ होती. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत लीगमध्ये सहाच संघ होते, आणि बहुतेक काळ संघ एकाच गोलरक्षकावर चालत. म्हणजे या दर्जाच्या जेमतेम सहा नोकऱ्या, आणि त्यांवर डोळा ठेवून खालच्या स्पर्धांमध्ये तयार होणारी कितीतरी मुलं. अशा वेळी ‘दुखतंय’ म्हणणं म्हणजे आपली खुर्ची स्वतःच दुसऱ्याकडे सरकवणं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते या माणसांना विचारावं.

टेरी सॉचक त्या काळातला सर्वांत मोठा गोलरक्षक. १०३ सामन्यांत त्याने प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही, आणि हा विक्रम २००९ पर्यंत टिकला. १९५५ मध्ये त्याने डेट्रॉइटला स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा चषक, जिंकून दिला, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने त्याला बॉस्टनला देऊन टाकलं, कारण ग्लेन हॉल नावाचा तरुण तयार झाला होता. १९५६-५७ च्या मोसमात बॉस्टनमध्ये सॉचकला मोनोन्यूक्लिओसिस हा माणसाला गळून टाकणारा विषाणूजन्य आजार झाला. पुरता बरा होण्याआधीच तो परत उभा राहिला, कोलमडला, आणि जानेवारीत खेळ सोडून घरी गेला. वर्तमानपत्रांनी त्याला पळपुटा ठरवलं. पुढे तो परतला, आणखी तेरा मोसम खेळला, १९६७ मध्ये टोरांटोच्या विजयातही त्याचा वाटा होता. पण दारू आणि नैराश्य यांनी त्याला आतून पोखरलं होतं. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका सहखेळाडूशी झालेल्या झटापटीत पोटाला इजा झाली आणि ३१ मे रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आलं.

ज्याच्यासाठी सॉचकला काढलं त्या ग्लेन हॉलची गोष्ट तर लीगची आवडती दंतकथा आहे. १९५५ ते १९६२ या काळात त्याने सलग ५०२ सामने पूर्ण खेळले, एकही मिनिट न चुकवता, तोंडावर मुखवटा न घालता. आणि जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी त्याला ओकारी होत असे. त्याच्याबद्दल असंही सांगतात की दर शरद ऋतूत सरावाला बोलावणं आलं की तो अल्बर्टातल्या आपल्या शेतावरून कळवायचा, कोठाराला रंग देतोय, उशीर होईल. हे सगळं कौतुकाने, त्याच्या स्वभावाची गंमत म्हणून सांगितलं जातं. मला त्यात गंमत दिसत नाही. सात वर्षं एका माणसाचं शरीर कामावर जाण्याआधी नकार देत होतं आणि त्यातून निघाला तो फक्त एक विक्रम.

मुखवट्याची गोष्टही अशीच, पण तिच्यात एक महत्त्वाचा धागा आहे. क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये काही सामन्यांत चामड्याचा मुखवटा वापरून पाहिला होता, पण ती गोष्ट तिथेच थांबली. माँट्रियलचा जाक प्लांट सरावात मुखवटा घालत असे. सामन्यात घालायला त्याचा प्रशिक्षक टो ब्लेक याचा विरोध होता. नजरेला आड येईल आणि लोक म्हणतील घाबरला, ही कारणं. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर त्याने सांगितलं, मुखवटा असेल तरच परत उतरेन. संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नव्हता. यजमान मैदानावरचा एखादा हौशी माणूस उसना घ्यायचा, एवढाच पर्याय ब्लेकपुढे होता. तो झुकला. माँट्रियलने सामना ३-१ असा जिंकला आणि पुढे अठरा सामन्यांत हार पाहिली नाही. तरीही मार्चमध्ये ब्लेकच्या आग्रहावरून प्लांट एकदा मुखवट्याविना उतरला, संघ ३-० असा हरला, आणि मग तो विषय संपला.

प्लांटचं धाडस खरं होतं. पण त्या रात्री ते कामी आलं, कारण त्याच्या जागी उभं करायला कोणी नव्हतं. तेच वाक्य त्याने सप्टेंबरात, सराव शिबिरात म्हटलं असतं तर जागा घ्यायला खालच्या संघातली पोरं एका पायावर तयार होती. म्हणजे गोलरक्षकाला सुरक्षा मिळाली ती अधिकार म्हणून नव्हे, एका रात्रीच्या अडवणुकीतून मिळाली. लीगने त्यावरून तातडीने नियम केला असंही झालं नाही. अँडी ब्राउन १९७४ पर्यंत या लीगमध्ये उघड्या तोंडाने खेळत होता. दरम्यान १९६६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने सॉचकचं एक छायाचित्र छापलं. तोवरच्या कारकिर्दीत त्याच्या चेहऱ्यावर पडलेले शेकडो टाके रंगभूषाकाराने पुन्हा रंगवून दाखवले होते. आणि बॉस्टनच्या जेरी चीव्हर्सने आपल्या पांढऱ्या मुखवट्यावर, जिथे जिथे पक लागला तिथे तिथे, टाक्यांच्या काळ्या रेघा काढायला सुरुवात केली. ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. एका वस्तूने किती रक्त वाचलं, त्याचा याहून सरळ पुरावा कोणता?

केन ड्रायडनचं उदाहरण या सगळ्याच्या उलट बाजूचं आहे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. माँट्रियलसाठी आठ मोसमांत सहा स्टॅनले कप. १९७३-७४ मध्ये पगाराच्या वादावरून तो आख्खं वर्ष खेळलाच नाही, टोरांटोतल्या एका वकिली कार्यालयात उमेदवारी करत राहिला. क्लबला त्याला परत आणावं लागलं. ३१ व्या वर्षी, सगळं ठीक चाललेलं असताना, त्याने खेळ सोडला. पुढे लेखन केलं, कॅनडाच्या संसदेत गेला, मंत्री झाला. २०२५ मध्ये तो गेला तेव्हा साऱ्या देशाने त्याची आठवण काढली. त्याची प्रतिभा मोठी होतीच. पण हातात कायद्याची पदवी होती, उद्या उठून जाता येईल हे त्याला आणि क्लबला दोघांनाही माहीत होतं. सॉचककडे ते नव्हतं. आजच्या बहुतेक गोलरक्षकांकडेही नसतं, कारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून त्यांचं आयुष्य बर्फावरच जातं.

आता गळ्याकडे येऊ. २२ मार्च १९८९ रोजी बफेलो सेबर्सच्या क्लिंट मालार्चुकचा गळा एका स्केटच्या पात्याने चिरला गेला, मानेतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली. संघाचा प्रशिक्षणसाहाय्यक जिम पिझुटेली व्हिएतनाम युद्धात सैन्याच्या वैद्यकीय पथकात होता. त्याने हाताने रक्तवाहिनी दाबून धरली म्हणून माणूस वाचला. तीनशेच्या आसपास टाके पडले. आणि सुमारे दहा दिवसांत मालार्चुक पुन्हा खेळायला उतरला! लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनंतर काय झालं ते त्याने स्वतः पुढे सांगितलं: झोप उडाली, मंत्रचळ वाढला, नैराश्य आलं, दारू आणि गोळ्या आल्या, २००८ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न झाला. त्यातून तो वाचला आणि नंतर मानसिक आजारांबद्दल गावोगाव बोलत राहिला. १९८९ मध्ये त्याच्या गळ्याची शुश्रूषा झाली. मनाकडे पाहायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू गळ्यावर स्केटचं पातं लागून मरण पावला. त्यानंतर अमेरिकन हॉकी लीगने, जी नॅशनल हॉकी लीगच्या खालोखालची स्पर्धा आहे आणि तिच्याच क्लबांना खेळाडू पुरवते, २०२४-२५ पासून सगळ्यांना गळपट्टा सक्तीचा केला. नॅशनल हॉकी लीगने काय केलं? २०२६-२७ पासून सक्ती, आणि ती फक्त लीगमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांना. आधीच खेळणाऱ्यांना सूट. पुन्हा १९७९ चाच कित्ता. खालच्या लीगमध्ये गळपट्टा बांधून खेळलेला मुलगा वर जातो, तिथे त्याच्या शेजारी उघड्या गळ्याचा तीस वर्षांचा खेळाडू बसतो. कोणाचा गळा पात्याला कमी लागतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

करंडकाच्या सहा विजेत्यांकडे परत येताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जॉश हार्डिंगला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला तो गोलरक्षणामुळे नाही. क्रेग अँडरसनच्या पत्नीच्या कर्करोगातही हॉकीचा दोष नाही. आजार कोणालाही होतो. पण अँडरसनच्या बाबतीत पुढे काय घडलं ते पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये निदान झालं, तो रजेवर घरी गेला. लगेचच ओटावाचा दुसरा गोलरक्षक अँड्र्यू हॅमंड जायबंदी झाला. पत्नीनेच त्याला जायला सांगितलं. तो एडमंटनला जाऊन उभा राहिला, ३७ फटके अडवले, एकही गोल होऊ दिला नाही, आणि शेवटी रडला. प्रतिस्पर्धी गोलरक्षक कॅम टॅलबट मैदानात थांबून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता. तो प्रसंग हृदय हलवणारा आहे, माझंही हलतं. तरी प्रश्न उरतोच: आयुष्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यात घेतलेली रजा एका सहकाऱ्याच्या दुखापतीने मोडावी, अशी संघाची रचना का असावी?

रॉबिन लेनरला मार्च २०१८ मध्ये बफेलोकडून खेळताना सामन्याच्या मध्यंतरात भीतीचा झटका आला. व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले, बायपोलर विकाराचं निदान झालं. पुढच्या मोसमात न्यूयॉर्क आयलंडर्सकडून तो लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकांच्या पंक्तीत होता. करंडक घेताना त्याने सांगितलं की आपण मानसिक रुग्ण आहोत हे म्हणायला लाज वाटत नाही, पण याचा अर्थ मनाने दुबळे आहोत असा नाही. असं त्या व्यासपीठावर कोणी बोलेल, हे सॉचकच्या काळात कल्पनेतही आलं नसतं. हा बदल खरा आहे, आणि १९९६ पासून लीग व खेळाडू संघटना मिळून चालवत असलेल्या मदत कार्यक्रमाला त्याचं श्रेय द्यायला हवं. कॅरी प्राइस २०२१ मध्ये माँट्रियलला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि काही महिन्यांत त्याने याच कार्यक्रमाची मदत घेतली, नशेच्या सवयीबद्दल उघडपणे सांगितलं. हा तोच प्राइस, ज्याला लहानपणी ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहीम लेकहून वडील छोट्या विमानातून सरावाला नेत. गुडघ्याने दगा दिला, एप्रिल २०२२ नंतर तो खेळलाच नाही. त्याच वर्षी करंडक मिळाला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, तीन वर्षांहून जास्त काळ न खेळलेल्या त्या माणसाचा करार सान होजे क्लबला देण्यात आला, पगारमर्यादेच्या, म्हणजे क्लबला पगारांवर खर्चता येणाऱ्या कमाल रकमेच्या, हिशोबात जागा व्हावी म्हणून.

कॉनर इनग्रॅमचं तर अजून ताजं आहे. मंत्रचळाच्या विकाराने तो २०२१ मध्ये खेळ सोडण्याच्या बेतात होता. उपचारांनंतर २०२३-२४ मध्ये अ‍ॅरिझोनाकडून सहा सामन्यांत एकही गोल न होऊ देता तो लीगच्या अग्रभागी राहिला. करंडक मिळाला. मार्च २०२५ मध्ये त्याने पुन्हा मदत मागितली. ऑक्टोबरमध्ये त्याच्या क्लबने त्याला एडमंटनला देऊन टाकलं, बदल्यात ‘भविष्यातील मोबदला’, म्हणजे व्यवहारात जवळपास काही नाही. क्लबने नियम मोडला नाही. पण ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या दुसऱ्या एखाद्या गोलरक्षकाने यातून काय धडा घेतला असेल? पहिल्यांदा मदत मागितलीस तर टाळ्या, दुसऱ्यांदा मागितलीस तर सामान बांध.

शरीराचा हिशोब यापेक्षा शांतपणे, वर्षानुवर्षं साचत जातो. १९८०-९० च्या दशकांत पॅट्रिक रुआने ‘बटरफ्लाय’ पद्धत सर्वमान्य केली: गुडघे आत वळवून बर्फावर टेकायचे आणि नडग्या दोन्ही बाजूंना पसरून जाळ्याचा खालचा भाग बंद करायचा. जाळं अडवायला ती उत्तमच आहे. पण त्यात मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यात अशा दिशेने फिरतं की सांध्याची कड घासली जाते. सामन्यात डझनावारी वेळा, सरावात शेकड्याने. गोलरक्षकांच्या खुब्यात हाडाची वाढीव गाठ आणि फाटलेली कूर्चा इतरांपेक्षा जास्त आढळते, हे अस्थितज्ज्ञांनी नोंदवलं आहे. बॉस्टनच्या टिम थॉमसची खुब्याची शस्त्रक्रिया २०१० मध्ये झाली. बॉस्टनच्याच टूक्का रास्कने २०२१ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, चार सामने खेळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबला. लेनरचीही कारकीर्द शेवटी खुब्यापाशीच अडली. हाडं वाढत असण्याच्या वयात मुलं हे शिकतात, आणि चाळिशीत जिना चढताना त्याची किंमत देतात.

इथे हमखास येणारा आक्षेप पैशाचा. इगॉर शेस्टर्किनला न्यूयॉर्क रेंजर्स वर्षाला १.१५ कोटी डॉलर देतात. २०२५-२६ मध्ये लीगचा किमान पगारच पावणेआठ लाख डॉलर होता. सज्ञान माणसं, स्वखुशीने केलेले करार, मग रडगाणं कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खाणकामगार आणि करोडपती गोलरक्षक यांना एका पारड्यात घालू नये. पण पैसा जितका मोठा तितकं गप्प बसण्याचं ओझंही मोठं, हे विसरूनही चालणार नाही. ३२ क्लब, प्रत्येकी दोन, म्हणजे चौसष्ट जागा. डुबनिक एका वर्षात तीन क्लबांमधून फिरून खालच्या लीगमध्ये पोचला, आणि पुढच्याच मोसमात मिनेसोटासाठी सलग ३८ सामने उभा राहिला. गुणवत्ता तीच होती, मधे फक्त जागा गेली-आली. २०२४-२५ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला कॉनर हेलेबक त्याच मोसमाच्या बाद फेरीत सेंट लुईसमधल्या तिन्ही सामन्यांत मधूनच बाहेर काढला गेला. शिवाय महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, जी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, किमान पगार ३५,००० डॉलर होता. पक तितकाच जड, खुबा तसाच झिजणारा. तिथे पैशाचा युक्तिवाद कोणत्या तोंडाने करणार?

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल तिसऱ्या गोलरक्षकाचा आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. तो बर्फाच्या मैदानाची देखभाल करणारा कर्मचारी, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा. पहिले दोन फटके जाळ्यात गेले, पुढचे आठ त्याने अडवले, कॅरोलायना ६-३ असा जिंकली. जगाला ती कथा आवडली, आणि एअर्स त्या प्रेमाला पात्र आहे. पण अब्जावधींची उलाढाल असलेल्या लीगमध्ये अशी वेळ का येते, हा प्रश्न त्या कथेने झाकला. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक क्लबला संघाबरोबर फिरणारा, पगारी आपत्कालीन गोलरक्षक ठेवावा लागणार आहे. पाऊल योग्य दिशेने आहे, पण अर्धं. तो माणूस अपघातासाठी आहे, रोजच्या वाट्यासाठी नाही. व्यावसायिक स्पर्धांत फारसा न खेळलेल्यालाच ती जागा मिळणार, त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी पंधरा दिवसांची रजा टाकणार नाही. त्याच मोसमापासून सामने मात्र ८२ चे ८४ होत आहेत.

हवा आहे तो खरा तिसरा गोलरक्षक, ज्याचा पगार क्लबच्या पगारमर्यादेत मोजला जाणार नाही, म्हणजे व्यवस्थापकाला तो ओझं वाटणार नाही. दोन जाळ्यांच्या सरावात तिसऱ्याला उभं राहायला जागा नसते, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. ती खरी आहे, पण त्याला काही आठवडे खालच्या संघात खेळवून आलटून पालटून आणता येतं. असा माणूस असला की अँडरसनची रजा रजाच राहते, खुबा दुखणारा गोलरक्षक दहा दिवस थांबू शकतो. प्लांटला एका रात्री मिळालेली नाही म्हणण्याची ताकद रोजची होईल का? पूर्ण नाही, तिसरा माणूस म्हणजे आणखी एक स्पर्धकही. म्हणूनच त्याबरोबर दुसरी अट हवी: मदत कार्यक्रमातून परतलेल्या खेळाडूला काही ठरावीक काळ त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या क्लबला देता येऊ नये. गळपट्टा सगळ्यांना एकाच दिवसापासून. आणि खुब्याच्या उपचारांचा खर्च निवृत्तीनंतरही लीगकडे, कारण झीज सेवेत झालेली आहे.

यातलं काहीही आपसूक होणार नाही, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू, ३२ संघ, म्हणजे ७३६ जागा. त्यांत गोलरक्षक चौसष्ट, शंभरात नऊसुद्धा नाहीत. खेळाडू संघटनेत मतं मोजली जातात तेव्हा त्यांचा प्रश्न यादीच्या तळाशी जातो, आणि ते स्वतः तो मांडायला कचरतात, कारण मांडणारा उद्या जागा गमावू शकतो. सध्याचा करार सप्टेंबर २०३० पर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटीत तिसऱ्या गोलरक्षकाची मागणी बचावपटूंनी आणि आघाडीच्या खेळाडूंनी आपली म्हणून मांडली पाहिजे, पगाराच्या आणि प्रवासाच्या मागण्यांइतक्याच हट्टाने. त्यांच्या हातात मतं आहेत, आणि जागा जाण्याची भीती त्यांना या एका मुद्द्यावर तरी नाही.